कोंड्यावर घेतलेली

भात पिवळं पडायला लागलं की मला घरात बसवत नाही. लोक म्हणतात, वय झालं, साखर तपासून घ्या, झोपेची गोळी सुरू करा. कशाचं काय! दसरा जवळ येतो, दुपारची उन्हं चटचटायला लागतात, आणि खालापूरच्या आमच्या घरामागच्या शेतावरून पिकल्या साळीचा तो गोडसर, कोंदट वास खिडकीतून आत येतो. झालं, माझ्या पायांना भिंगरी लागते. मग मी डबे पुसत सुटते. पुसलेले पुन्हा पुसते. दारात जाते, रस्त्याकडे बघते, परत येते. कोणाची वाट बघतेय म्हणून विचाराल तर सांगता यायचं नाही.

यंदा मात्र सांगता येतंय. पुण्याहून सकाळीच लेकीचा फोन आला. नातवाच्या गळ्यातल्या गाठी काढायच्या होत्या, आजचाच दिवस ठरला होता. "आई, मला आत घेतलं गं त्यांनी," ती म्हणाली. "हिरवा झगा घातला, टोपी घातली, आणि तो झोपेपर्यंत त्याचा हात धरून बसू दिलं. मग म्हणाले, आता तुम्ही बाहेर थांबा. आता बाहेर बसलेय."

"रडलीस?"

"नाही."

"खरं सांग."

"रडतेच आहे."

"रड मग," मी म्हटलं. फोन खाली ठेवला आणि बसले तशीच. ती म्हणाली होती की आईबापांना आत घेण्याची ही आता नवी पद्धत आहे. नवी? अगं बाई, तुझी आजी अशीच आत शिरली होती. कर्जतला, लढाई चालू होती तेव्हा. झगा नाही, टोपी नाही, पायाला शेतातला चिखल आणि डोक्यावरून ओढलेला जुना पदर. आणि शिरण्याआधी तिला जे बोलावं लागलं, ते तुमच्यापैकी कुणाला बोलावं लागलं नाही.

आता ते सांगायचं तर आधी माझं नाव सांगायला हवं. लग्नात सासरच्यांनी बदलून सुमन केलं, पण माझं जन्माचं नाव कोंडी. आमचं गाव कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याला. त्यामुळे शाळेत मास्तरांना वाटायचं गावावरून ठेवलंय. गावाचा काही संबंध नाही. मला कोंड्यावर घेतली होती, भाताच्या कोंड्यावर.

माझ्या आधीची तीन मुलं आईची गेली. दोन मुलगे, एक मुलगी. एकही वर्षाचं झालं नाही. मग मी झाले तेव्हा बायजा सुईण म्हणाली, हिला अशी ठेवायची नाही. नाळ कापली, मला फडक्यात गुंडाळलं, मागच्या दाराने बाहेर नेलं आणि उकिरड्याच्या कडेला ठेवलं. मग उचललं, घराला वळसा घालून पुढच्या दाराशी आली आणि ओरडली, "पोर घ्येता का कोनी पोर? उकिरड्यावर गावलीय."

आत बाजेवर पडलेली माझी आई म्हणाली, "काय घेशील?"

"सूपभर कोंडा."

"एवढ्याशा काळ्या पोरीचा सूपभर? अर्धं सूप देईन. द्यायची तर दे, नायतर ने परत."

ही घासाघीस करावीच लागायची. न करता घेतली असती तर 'ती'ला संशय आला असता. 'ती' म्हणजे कोण, ते आईने मला कधी सांगितलं नाही. जी पोरं नेते ती. जिला कळता कामा नये, की हे मूल या बाईच्या पोटचं आहे, हिला हवंसं आहे. टाकलेलं, विकत घेतलेलं, कोंड्याच्या मोलाचं पोर कोण कशाला नेईल? असा तो सगळा हिशेब होता. आमच्या बाजूला घरोघर असे कोंडू, धोंडू, दगडी सापडायचे. त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

पण बाकीच्यांच्या आया नाव ठेवून मोकळ्या झाल्या. पोर चालायला लागलं की विसरायच्या. माझी आई विसरली नाही. तिने तो सौदा सात वर्षं जिवापाड सांभाळला. मी तिला आई म्हणायचं नाही. धाकटे काका तिला वयनी म्हणायचे, म्हणून मीही वयनीच म्हणायचं. बापाला दादा. चारचौघांत ती मला जवळ घ्यायची नाही. मला जुनेर नेसवायची, पंगतीत शेवटी वाढायची, हाक मारायची ती "कार्टे" नाहीतर "मढे" म्हणून. श्रावणात शुक्रवारी जिवतीची पूजा झाली की सगळ्या आया आपापल्या पोरांना ओवाळायच्या. माझ्यापुढे निरांजन धरायची शेजारची काकू, आणि आई दाराआडून बघायची. कोणी विचारलं, "ही तुमची का?" तर पटकन म्हणायची, "छे! माजी कुठली? कोंड्यावर घेतलीय." आणि मीही पोपटासारखी तेच म्हणायला शिकले होते. लोक हसायचे. मला वाईट वाटायचं का? वाटायचं. खूप वाटायचं. खरं काय ते मला ठाऊकही होतं आणि नव्हतंही. दुपारी मी झोपले असं समजून ती माझ्या केसांवरून हात फिरवायची, तेव्हा ठाऊक असायचं. ती पाणी भरायला उठून गेली की पुन्हा नसायचं. मी झोपेचं सोंग घेण्यात फार पटाईत झाले होते.

परत गेले बघा दारात. फोन वाजल्यासारखा वाटला. वाजला नव्हता.

तर त्या वर्षी कापणी ऐन भरात होती. सगळं गाव शेतात. सकाळी दव उतरलं की विळे सुरू व्हायचे, खर्र खर्र असा एकसुरी आवाज. आम्ही पोरं कापून झालेल्या शेतात उंडारायचो, टोळ पकडायचो. भात कापल्यावर मागे जी धसकटं उरतात, ती तिरपी कापलेली आणि सुरीसारखी धारदार असतात. मी पळता पळता पडले आणि एक धसकट मांडीत घुसलं. फार रक्तही आलं नाही. आईने हळद दाबली, "डोळं फुटलं व्हतं का गं?" म्हणून पाठीत एक धपाटा घातला, आणि पुन्हा कापायला वाकली. जखम वरून मिटली, पण आत काडीचा तुकडा राहिला होता. चार दिवसांत मांडी भोपळ्यासारखी टम्म झाली. ताप काही उतरेना. बायजाने पोटीस बांधलं, कुणी बिब्बा सांगितला, कुणी देवाचा अंगारा. गळू पिकेना आणि फुटेना. मी कण्हत पडायचे आणि आई अंगणात भाताच्या पेंढ्या अशा झोडायची, की जणू त्यांनीच काही गुन्हा केलाय. घरात ती येईचना. आली तरी बाजेकडे बघायची नाही. त्या तिघांच्या वेळी ती उशाशी बसून राहिली होती, हे मला फार नंतर कळलं. या वेळी बसायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं असणार.

शेवटी दादाने बैलगाडी जुंपली. निम्मं भात कापून शेतात आडवं पडलेलं, घाटाच्या डोक्यावर ढग जमायला लागलेले, आणि भाऊबंद म्हणत होते, "आज भारे घरात घे, पोरीला उद्या ने." दादा गरीब गाय, मोठ्याने बोलायचा नाही. तो गाडीत पेंढा पसरत राहिला. आई म्हणाली, "मी बी येते." कुणी तरी विचारलं, "तू कशाला गं? झोडनी कोन करनार?" ती म्हणाली, "मीठ आनायचंय." कर्जतला जायला तिला मिठाचं निमित्त लागलं. आज हसू येतं. तेव्हा गाडीत पडल्या पडल्या मला ते खरंच वाटलं होतं, आणि मी तोंड फिरवून घेतलं होतं.

कर्जत स्टेशनात तेव्हा सारख्या पलटणीच्या गाड्या यायच्या. घाट चढायला मागून आणखी इंजिनं जोडायची, त्याचे धक्के, शिट्ट्या, खडखडाट. डॉक्टरांचा दवाखाना म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची बाजू, रुळांपासून फार लांब नाही. गाडी सुटली की कपाटातल्या बाटल्या किणकिणायच्या. डॉक्टर कर्जतच्या जुन्या घरातले, मुंबईला शिकून परत आलेले. हाडकुळे, हळू बोलणारे. त्यांनी मांडी दाबली, मी किंचाळले, आणि त्यांनी हात धुता धुता सांगितलं की पू फार खोल आहे, उघडावं लागेल, आणि आजच.

"कापनार?" दादाने विचारलं.

"झोपवून कापणार. तिला काही कळायचं नाही. क्लोरोफॉर्म देऊ." पुढचं त्यांनी आईकडे बघून सांगितलं. "पण एक गोष्ट नीट ऐका. झोपताना पोर घाबरता कामा नये. घाबरलं, रडलं, की मोठमोठे श्वास घेतं, औषध भसकन आत जातं. त्यात काळीज थांबू शकतं. मी घाबरवायला सांगत नाही, पण असं झालेलं आहे. म्हणून तिच्या जिवाभावाचं माणूस जवळ हवं. एकच, गर्दी नको. हात धरायचा, बोलत राहायचं. आई असेल तर उत्तम. तुम्ही हिची आई ना?"

आणि माझी आई, सवयीने, पटकन, नेहमीच्या त्याच सुरात म्हणाली, "छे! मी कुठली आई? मी वयनी."

मी बाकावर पडले होते. मला सगळं ऐकू येत होतं. दादा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. त्यालाही सौदा ठाऊक होता. बोलणार काय? डॉक्टरांच्या हाताखाली एक नर्सबाई होत्या, अंगाने भरलेल्या, तोंडाने फटकळ, गालात कायम सुपारी. त्या म्हणाल्या, "वहिनी-काकूंचं इथे काही काम नाही. बाप आहे ना? बाप चला आत. बाकीचे व्हरांड्यात." आणि आईच्या समोर दार लोटलं गेलं.

तिला तेव्हाच "थांबा" म्हणता आलं असतं. नाही म्हणाली. मला आजही, इतकी वर्षं झाली तरी, तो दाराचा आवाज ऐकू येतो. पण तिच्यावर राग येत नाही. ती तिच्या परीने मला वाचवतच होती. काळीज थांबेल म्हणून डॉक्टर सांगत होते, आणि ज्यामुळे काळीज थांबतं असं ती मानत होती, ते तिने तोंडातून निघू दिलं नव्हतं. तीन पोरं पुरलेल्या बाईला तुम्ही कुठल्या तोंडाने सांगणार, की बाई गं, तुझं चुकतंय?

आतल्या टेबलावर मेणकापड होतं, गार. खिडकीतून ऊन थेट मांडीवर येईल असं टेबल सरकवलेलं. नर्सबाईंनी तारेच्या जाळीवर फडक्याच्या घड्या घालून एक टोपलीसारखं काहीतरी केलं होतं, तोंडावर ठेवायला. एका झाकलेल्या ताटात हत्यारं किणकिणत होती. मी दादाचा हात घट्ट धरला. दादा म्हणाला, "भिऊ नको हं, कोंडे," आणि एवढं बोलून घळाघळा रडायला लागला. आवाज नाही, नुसतं पाणी. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून ते माझ्या मनगटावर पडायला लागलं. बाप रडतोय म्हणजे मी मरणार, हे सात वर्षांच्या मुलीला सांगावं लागत नाही. मी भोकाड पसरलं, लाथा झाडायला लागले. ठणक मस्तकात गेली.

"हे असं नाही चालायचं," डॉक्टर म्हणाले.

"उठा मामा, उठा," नर्सबाईंनी दादाला दंडाला धरून उठवलं. "आधीच उल्हास! पोरीपेक्षा तुम्हालाच हुंगवायची पाळी आली." त्यांनी त्याला दाराबाहेर काढला. दार या वेळी नीट लागलं नाही, फट राहिली.

डॉक्टर माझ्या तोंडाजवळ वाकले. त्यांच्या अंगाला साबणाचा वास येत होता. "पोरी, तुझी आई कुठंय? घरी आहे का? गाडी पाठवून बोलावून घेऊ आपण. आई आली की मग करू, काय?"

मी हुंदके देत, पण अगदी स्पष्ट, शिकवलं होतं तसं सांगितलं, "मला आई नाय. मला कोंड्यावर घेतलीय."

नर्सबाईंची सुपारी थांबली. "अगं माझे बाई," त्या इतक्या हळू म्हणाल्या, की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं.

आणि दार धाडकन उघडलं.

"हाय! हाय की आई! कोन म्हनतं नाय?" पदर खांद्यावरून घसरलेला, केसांत भाताची कुसळं, आणि आवाज असा, की व्हरांड्यातले बाकीचे पेशंट उठून उभे राहिले. "मी हाय हिची आई! ऐका समदी! माज्या पोटची हाय ती. नऊ म्हयनं पोटात वागवलीय. कोंडा-बिंडा काय नाय, माजी हाय. माजी हाय, माजी!"

नर्सबाई सावरल्या. "मग मघाशी काय जीभ झडली होती?"

"मघाशी भ्याले व्हते, बाई," आई म्हणाली. "आता बी भ्यालेय."

ती माझ्या उशाशी आली. मला आनंद झाला असं मी लिहिलं, तर ते धादांत खोटं होईल. माझ्या तोंडचं पाणी पळालं. सात वर्षं जे बोलायचं नाही, जे 'ती'च्या कानावर जाता कामा नये, ते वयनीने कर्जत स्टेशनापर्यंत ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं होतं. आता संपलंच की! मी उजवा हात उचलला आणि तिच्या तोंडावर गच्च दाबला. "बोलू नको, वयनी! बोलू नको, ती ऐकंल!"

डॉक्टरांना काय कळलं, किती कळलं, देव जाणे. पण त्यांनी माझा हात काढला नाही. नर्सबाई तो काढायला पुढे झाल्या, तर म्हणाले, "राहू द्या. पोरी, ठेव हात तिथेच. धरून ठेव चांगला." आणि मानेने खूण केली.

तारेची टोपली माझ्या तोंडावर आली. थेंब पडायला लागले. तो वास कसा सांगू? गोड. उतू गेलेल्या काकवीसारखा गोड, आणि मागून गार, डोक्यात चढणारा. बाहेर घाटाकडे जाणाऱ्या गाडीला मागून इंजिन लागलं, सगळ्या बाटल्या एकदम किणकिणल्या. माझ्या तोंडावर जाळी, आणि आईच्या तोंडावर माझा हात. त्या हाताखाली तिचे ओठ हलत होते. ती थांबलीच नव्हती. माझ्या तळव्यात तिचा गरम श्वास लागत होता आणि ती तळव्यातच बोलत होती, माजी हाय, माजी हाय. मला ते ऐकू येत नव्हतं, हाताला कळत होतं. मग कुठून तरी झोडणीचा आवाज यायला लागला, ठप, ठप, लांब लांब जाणारा. मी कधी रडायची थांबले ते मला ठाऊक नाही. नर्सबाई नंतर सांगायच्या, एवढं शहाण्यासारखं झोपलेलं पोर आम्ही बघितलं नाही.

वाजला. या वेळी खरंच वाजला. लेक म्हणतेय, शुद्धीवर आला, रडला, आता आइसक्रीम मागतोय. "किती मागतोय?" "दोन." "मग ठीक आहे तो," मी म्हटलं, आणि खुर्चीत बसले. पाणी प्यायले. म्हटलं, आता तरी चित्त थाऱ्यावर येईल. येत नाही. खिडकी लावली तरी वास येतोच आहे. तेव्हा उरलेलंही लिहूनच टाकते.

मी शुद्धीवर आले ती ओकतच. जीभ लाकडासारखी, मांडीला हा एवढा बांधलेला पांढरा गठ्ठा. धसकटाचा काळा तुकडा डॉक्टरांनी वाटीत ठेवला होता, करंगळीच्या पेरापेक्षा लहान. आई माझ्याकडे बघत होती, पण प्रेमाने नाही. घरात चोर शिरलाय आणि आपण एकटेच आहोत, अशा वेळी माणूस अंधारात बघतं तशी. माझा डोळा लागला की ती नाकाखाली बोट धरायची. मी जागी झाले की बोट काढायची. नर्सबाई म्हणाल्या, "अहो, झोपू द्या तिला!" तर म्हणाली, "झोपू दिली व्हती तिगांना." मग नर्सबाईंनी आईपुढे सुपारीची डबी धरली.

पाऊस आलाच. व्हरांड्याच्या पत्र्यावर ताड ताड वाजायला लागला, आणि तिकडे आमचं भात शेतात आडवं पडलेलं. दादा खांबाला टेकून पावसाकडे बघत होता. आई म्हणाली, "अवं, जावा की. भिजंल समदं." दादा म्हणाला, "भिजू दे." एवढंच. पुढे त्या भिजलेल्या भाताला मोड आले, वर्षभर आम्ही काळपट भात खाल्ला, त्याला कुबट वास यायचा. त्या भातावरून दादाने कधी एक अक्षर काढलं नाही. आज मी बासमती शिजवते, तरी त्या कुबट वासाची मला मधूनच आठवण येते आणि तोंडाला पाणी सुटतं. आता याला काय म्हणावं!

घरी आल्यावर आईचं काही धड राहिलं नाही. घुबड बोललं की तोंड पांढरं. मांजर आडवं गेलं की हातातलं भांडं खाली. मी शिंकले तरी धावत यायची. आधी सात वर्षं ती माझ्याकडे बघायची नाही, आता माझ्यावरून नजर काढेना. मलाच गुदमरायला व्हायचं. आणि वाईट म्हणजे मीही भ्यायले होते. दोघी मिळून कान देऊन बसायचो, जणू 'ती' कुठल्याही घटकेला दार वाजवणार होती.

मांडी भरून आली, मी लंगडत का होईना चालायला लागले, तशी एका दुपारी आईने सुपात तांदूळ घेतले. कोंडा नाही, नव्या भातातले जे थोडे चांगले निघाले होते ते, निवडून. मला कडेवर घेतलं आणि गावाच्या टोकाला बायजाच्या दारात गेली. बायजा अंगणात शेण कालवत होती.

"काय गं? कोन अडलीय?"

"कोन नाय," आई म्हणाली. तिला धाप लागली होती. "हिला परत घे, बायजे. घे आनि पुन्यांदा इक मला. ह्ये बघ, तांदूळ आनलंत. सूपभर देते. घासाघीस बी करते, पायजे तर."

बायजाने हात पुसले. माझी मांडी चाचपून पाहिली, व्रण पाहिला. मग सुपाकडे पाहिलं. "कर्जतला काय बोललीस म्हनं?"

आईने सूप पुढे सरकवलं.

"समद्या गावाला ठावं हाय. कर्जतच्या बाजारातल्या गाडीवाल्यांनी सांगितलं. घसा फोडून बोललीस म्हनं."

"चुकलं माजं. भ्याले व्हते मी."

"चुकलं कसं म्हनतीस? पोर जित्ती हाय नव्हं?" बायजा पुन्हा शेणात बसली. "मी नाय घेनार. आता कोंडा नको नि तांदूळ नको. आपल्या तोंडानं माजी म्हनलीस, आता ती तुजी झाली. आता सौदा नाय गं बाय व्हनार."

"मंग मी काय करू?" आई ओरडलीच.

"भी," बायजा म्हणाली. "आमी समद्या भितो, तशी भी. दुसरं काय करनार?"

आई तिच्या पायरीवर मटकन बसली. मला मांडीवर घेऊन, पदर तोंडात कोंबून, कितीतरी वेळ रडली. बायजा शेण कालवत राहिली. तिने आईची समजूत घातली नाही, की कामही थांबवलं नाही. मग आई उठली. तांदूळ तिने बायजाच्या ओट्यावर तसेच ठेवले, रिकामं सूप काखेत मारलं.

परत येताना वाटेने सगळी शेतं मोकळी झाली होती. धसकटांत बगळे उभे होते, भाऊबंदांच्या खळ्यावर उडव्या रचलेल्या, वाटेवर माणूस नव्हतं. मी तिच्या खांद्यावर मान टाकली होती. पायरीवर बसल्यापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळत होती, ती मी विचारली.

"मंग आता मी तुला काय म्हनू?"

ती चालायची थांबली. तिने पुढे पाहिलं, वळून मागे पाहिलं, लांब डोंगरापर्यंत सगळ्या मोकळ्या शेतांवरून नजर फिरवली. मग मला छातीशी घट्ट धरलं.

"म्हन," ती म्हणाली, "पन हळू म्हन."

मी तिच्या कानाला तोंड लावलं आणि हळूच म्हटलं.